चौथा हात

यंत्रानं चार हात मोजले. आम्ही तर तिघंच होतो.

अनघा वझेचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. ती म्हणाली, "बाई, शेवटच्या सहा चित्रांत एक हात जास्त येतोय. तीनदा तपासलं. उद्या अकराला संग्रहालयात याल का? इंगवले सरांना कळवलंय, सुतारकाकूही येणार आहेत." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तोवर मोहरी करपून गेली होती.

तो चौथा हात कसला, हे मला त्याच क्षणी कळलं. चोवीस वर्षं मी ती गोष्ट पोटात ठेवली होती. खरं तर पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, तिथे हेडबाईसुद्धा माझ्या जिभेला वचकून असायच्या. पण हे एक गुपित मी सांभाळलं, कारण ते ज्याचं होतं तो मला शब्दातून मोकळं करायला परत येणार नव्हता.

आधी आम्ही तिघं कोण ते सांगते. मी हेमलता शिरोळे. दुसरा उदय इंगवले, कोल्हापुरात कला शिकताना माझ्या वर्गात होता. आज त्याची निसर्गचित्रं परदेशात लागतात आणि त्यामुळे तो जरा फुगलाय. तिसरा आनंदा सुतार, आमच्याहून दहा वर्षांनी मोठा. मंगळवार पेठेत त्याचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. दूध संस्थांच्या पाट्या, ट्रकच्या नंबरप्लेटा, कुस्तीच्या मैदानाच्या जाहिराती. अख्खी पेठ त्याला 'पेंटर' म्हणायची. तो कुठल्याच शाळेत शिकला नव्हता, पण पट्टी न लावता दहा फुटांची सरळ रेघ मारायचा. आम्ही दोघं पदवीधर रस्त्याच्या कडेला उभं राहून ते बघायचो, आणि आपली पदवी कुठे लपवावी असं आम्हाला व्हायचं.

१९९८ साली आम्ही फिरतं चित्र सुरू केलं. कल्पना उदयची, नियम आनंदाचे. एकच कॅनव्हास, तीन बाय चार फुटांचा. तो पंधरा दिवस एकाच्या घरी राहायचा, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. आपल्या पाळीत वाटेल ते करायचं. भर घालायची, दुसऱ्याचं खरवडायचं, नाहीतर सरळ वरून रंगवायचं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की रविवारी एकत्र बसून ठरवायचं, झालं की नाही. सही कुणी करायची नाही. हे कुणी काढलं, असं विचारायचं नाही आणि विचारलं तर सांगायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम, परका हात लागता कामा नये. "तिघांचा तवा हाय ह्यो," आनंदा म्हणायचा, "चौथ्यानं हात घातला की भाकरी मोडती."

कॅनव्हास न्यायचा उदयच्या एम-एटीवरून. मी मागे बसून तो दोन्ही हातांनी धरायचे, आणि वारा सुटला की गाडी घराऐवजी रंकाळ्याकडे निघायची. तैलरंग वाळायला आठवडे लागतात हे आम्हा पदवीधरांना पाठ होतं, पण पाळी आली की धीर कुणाला? ओलं चित्र तसंच सोलापुरी चादरीत गुंडाळायचो. मग चादरीची वीण रंगात उठायची, आनंदा आम्हाला शिव्या घालायचा आणि पुढच्या पाळीत त्याच विणीचं नांगरलेलं शेत करून टाकायचा. अशी एकवीस वर्षांत चोवीस चित्रं झाली. ती रविवारची बैठक, मधे ठेवलेली भडंगाची परात, उदयच्या बढाया आणि आनंदाचं मिश्या चावत गप्प बसणं, तसं सुख मला नंतर मिळालं नाही. लग्न केलं नाही याची मला कधी खंत वाटली नाही. ती बैठक मोडली याची रोज वाटते.

२०१९ मध्ये आनंदा हृदयविकारानं गेला आणि चित्र फिरायचं थांबलं. चोवीस चित्रं माझ्या माळ्यावर पडून होती. यंदा, २०४१ मध्ये, शहरात नवं कलासंग्रहालय उभं राहिलं आणि त्यांनी फिरत्या चित्रांना एक अख्खं दालन द्यायचं ठरवलं. अट एकच होती. प्रत्येक चित्र 'हस्तवेध'मधून गेलं पाहिजे.

हस्तवेध हे अनघानं आणि तिच्या पुण्यातल्या मंडळींनी बनवलेलं यंत्र. आता जुना कॅनव्हास, जुना रंग, रंगाला पडलेल्या भेगा, सगळं हुबेहूब करून मिळतं. मग खरं-खोटं ओळखायला उरतो तो फक्त हात. अनघानं मला ते समजावलं ते असं. ब्रशचा प्रत्येक केस ओल्या रंगात एक चरी पाडतो आणि रंग वाळला की ती चरी कायमची राहते. चरीची खोली म्हणजे हाताचा दाब. चरीतल्या बारीक लाटा म्हणजे हाताचा कंप. कंप सगळ्यांनाच असतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा हातसुद्धा सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. हाताचं वजन, स्नायूंचा ताण, चूक सावरायची मेंदूची घाई, या सगळ्यांतून तो ठरतो, म्हणून दोन माणसांचा कंप कधी सारखा नसतो.

यंत्र चित्रावर एक प्रकारच्या लहरी सोडतं. रंगाच्या प्रत्येक थरावरून त्या थोड्या थोड्या परत येतात, त्यामुळे वरून रंगवून झाकलेली रेघही त्याला वाचता येते. मग सारख्या कंपाच्या रेघांचा एकेक ढीग होतो. एक ढीग म्हणजे एक हात. शेवटी खात्रीसाठी यंत्राला एक धातूची भुजा जोडलेली आहे. सापडलेल्या हाताचा दाब, वेग आणि कंप घेऊन ती कोऱ्या कॅनव्हासवर तीच रेघ मारते. ती मूळ रेघेशी जुळली तर निदान बरोबर.

पहिल्या दिवशी या एवढ्या हुशार यंत्रानं काय पकडलं, तर चादर. "सतरा चित्रांत विणीचा ठसा सापडलाय, यामागे काही संकल्पना होती का?" असं अनघानं अगदी गंभीरपणे विचारलं. उदय आणि मी इतके हसलो की आम्हाला पाणी आणून द्यावं लागलं.

त्या दिवशीचं हसू आता कुणाच्या तोंडावर नव्हतं. अनघाच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा उदय खिडकीशी उभा होता. शालनवहिनी, म्हणजे आनंदाच्या पत्नी, खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पोस्टात अडतीस वर्षं काढली, त्यामुळे कुठेही बसल्या तरी आता कोणीतरी फॉर्म पुढे करील अशा ताठ बसतात.

अनघानं पडद्यावर चार रंगांचे चार ढीग दाखवले. "हा बाईंचा, हा इंगवले सरांचा, हा सुतारकाकांचा. आणि हा चौथा, २०१७ नंतरच्या सहाही चित्रांत आहे." ती थोडी थांबली. "त्या सहा चित्रांत सुतारकाकांचा हात मात्र कुठेच नाही. एक रेघसुद्धा नाही."

"म्हणजे आनंदानं आपली पाळी दुसऱ्याकडनं काढून घेतली," उदय म्हणाला.

"असं कसं होईल?" वहिनी म्हणाल्या. "ते स्वतः काढायचे. हात हलायचा त्यांचा, ते सगळ्यांस्नी ठावं होतं. पण ब्रश घेतला की थांबायचा. पोस्टात मी सगळ्यांना सांगायची, देवानं एवढं तरी ठेवलंय म्हणून."

अनघा त्यांच्याशेजारी बसली. "काकू, त्यांना होता तो कंप काम करताना वाढतो. आपोआप थांबत नाही."

"डॉक्टरबी तेच म्हणायचे. पण चित्रं तर होत होती न्हवं?"

"तुम्ही त्यांना काढताना बघितलंत?"

वहिनींनी जरा विचार केला. "मी कामावर असायची. संध्याकाळी आलं की चित्रात भर पडलेली असायची."

उदय वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. तो चिडला की मी त्याला झापते, पण तेव्हा नाही झापलं, कारण तो चिडला नव्हता, दुखावला होता. "नियम कुणी केला होता, हेमा? परका हात नको म्हणून आपल्यावर कोण डाफरायचं? त्याला जमत नव्हतं तर सांगायचं. आपण बसून राहिलो असतो, भडंग खाल्लं असतं. त्यानं दुकानातल्या कुणातरी जुन्या कामगाराला बसवलं असणार आणि आपण वा वा करत बसलो." मग तो अनघाला म्हणाला, "ती सहा चित्रं नकोत. अठराच लावा."

"निर्णय तुम्हा दोघांचा आहे," अनघा म्हणाली. "पण नोंदीत मला लिहावं लागेल की या सहा चित्रांत सुतारांचा सहभाग आढळला नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "उद्यापर्यंत वेळ द्या." एवढं बोलून मी बाहेर आले, बिनचालकाच्या रिक्षात बसले आणि घरी आले. रिक्षानं नेहमीप्रमाणे लांबचा रस्ता धरला. एरवी मी तिला चार शब्द सुनावते, त्या दिवशी गप्प राहिले.

गोष्ट अशी होती. २०१७ मध्ये आनंदा एका दुपारी माझ्या दारात उभा राहिला. कॅनव्हास पंधरा दिवस त्याच्या घरी होता आणि त्याला बोटसुद्धा लागलं नव्हतं. मी पाणी दिलं तर त्यानं पेला दोन हातांनी धरला, तरी अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"बाई, हातानं दगा दिला," तो म्हणाला. फ्लेक्स आला आणि बोर्डाचा धंदा बसला, तेव्हाही मी त्याचा असा चेहरा बघितला नव्हता.

त्यानं मागणं सांगितलं. दुपारी माझी सकाळची शाळा सुटायची, शालनवहिनी पोस्टात असायच्या. मी त्याच्या घरी जाऊन त्याचं मनगट धरायचं आणि त्यानं चित्र काढायचं.

"पेंटर, हे नियमात बसतं का?"

"तुमचा हात परका हाय व्हय?" तो म्हणाला. "पण शालनला सांगायचं न्हाई. उदयलाबी न्हाई. मी मेल्यावरबी न्हाई." मी शब्द दिला.

त्याच्या पाळीत मी रोज दुपारी जात असे. तो खाटेवर बसायचा, मी उजवीकडे उभी राहायचे. माझा एक तळवा त्याच्या मनगटाखाली, दुसरा कोपराला. शिलाई मशीन चालू असताना तिच्यावर हात ठेवावा, तसं ते मनगट माझ्या हातात धडधडायचं. पहिले आठ दिवस नुसता चिखल झाला. मग एका दुपारी रेघ आली, सरळ, त्याच्या जुन्या रेघेसारखी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाही घाबरलो. "बाई," तो थोड्या वेळानं म्हणाला, "तुमच्या हाताला खडूचा वास येतोय." पुढची दोन वर्षं आमची दुपार अशी जायची. शेवटचं चित्र म्हशींचं. दिवाळी पाडव्याला पंचगंगेवर शिंगं रंगवून, मोरपिसं खोवून म्हशी आणतात, ते. त्यातल्या एका म्हशीच्या शिंगाची रेघ चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली आहे. ते चित्र बघून उदय रविवारी दहा मिनिटं काही बोलला नव्हता, आणि उदय दहा मिनिटं गप्प बसणं म्हणजे मोठीच गोष्ट.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. मनातल्या मनात मी ते शिंग माझं समजत होते. हलणारा हात कुठे नेणार रेघ? नेणारी मी होते. ब्रश त्याचा, मनगट त्याचं, पण रेघ माझी, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते. उदयची चित्रं परदेशात लागली की मी मनात म्हणायचे, लागू देत, ते शिंग मी काढलंय. संग्रहालयात माझी जीभ टाळ्याला चिकटली ती नुसत्या वचनामुळे नाही. बोलले तर कुणीतरी विचारणार की मग रेघ कुणाची, आणि मला मेलेल्या मित्राच्या हातातून ती काढून घ्यावी लागणार, याची मला भीती वाटत होती. आणि खोटं कशाला बोलू, थोडी हावही होती.

संध्याकाळी शालनवहिनींचा फोन आला. "बाई, एक विचारते, खरं सांगा. दोन वर्षं ते माझ्याशी खोटं बोलले असतील का? मी दमून यायची, ते चित्र दाखवायचे, मी कौतुक करायची. ते सगळं दुसऱ्याचंच होतं का?"

वचन मोडायचं मी तेव्हाच ठरवलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा असतो, पण त्याच्या बायकोला रोज त्याच्याशिवाय जेवायला बसायचं असतं. मी म्हणाले, "उद्या समोर सांगते."

दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. हावेचं सोडून सगळं. उदय खुर्चीत बसला. "तू?" एवढंच म्हणाला. शालनवहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

"रोज यायचात?"

"त्यांची पाळी असली की रोज."

"आणि मी घरी यायच्या आत जायचात."

"हो."

पोस्टमनला चुकीच्या पत्त्याचं पत्र परत द्यावं तसा चेहरा करून त्या बसल्या होत्या.

अनघा म्हणाली, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण यंत्र शब्दावर चालत नाही. दोन माणसांनी मिळून धरलेला हात आम्ही कधी तपासलेलाच नाही. सुतारकाकांचा त्या काळातला नुसता कंप मिळाला तर भुजेत तो घालता येईल. मग तुम्ही भुजेचं मनगट धरा आणि शिंग काढा. चौथ्या हाताशी जुळलं तर सिद्ध झालं. पण कंप कुठून आणणार?"

मग शालनवहिनींनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आदल्या दिवशी डॉक्टरांचा विषय निघाला म्हणून आणलेली दवाखान्याची जाड फाईल काढली. दर महिन्याला डॉक्टर आनंदाला कागदावर बॉलपेननं गोल गोल चक्री काढायला लावायचे, कंप किती वाढला ते बघायला. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस, आणि त्याच्या त्या चक्र्या पिळलेल्या सुतळीसारख्या. "त्यांना ह्या कागदांची लई लाज वाटायची," वहिनी म्हणाल्या. "फाडून टाक म्हणायचे. मी ठेवल्या." त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि अनघाकडे सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा जमलो. चक्र्यांतून काढलेला कंप अनघानं भुजेत घातला होता. धातूची ती भुजा, तिच्या टोकाला आमच्यासारखाच आठ नंबरचा ब्रश. मनगटात दाब मोजणारे संवेदक. "भुजेला कंप आहे, इच्छा नाही," अनघा म्हणाली. "ती स्वतःहून कुठेच जाणार नाही. तेव्हा धरत होतात तसंच धरा."

तिनं बटण दाबलं. भुजा हलू लागली. तीच लय होती. तीन झटके, किंचित विसावा, पुन्हा तीन. मी मनगटाखाली तळवा दिला, दुसरा कोपराच्या जागी. अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा त्या खाटेशेजारी उभी होते. मला खूप रडू येत होतं, पण रेघ काढायची होती, म्हणून आवरलं.

मी शिंग काढलं. डावीकडून उचललं, वर नेलं, वळवलं, खाली सोडलं. मनगट जसं जड जाईल तसा जोर लावत गेले. रेघ पूर्ण झाली आणि मी मागे सरकून बघितलं. कंप कुठेच दिसत नव्हता, रेघ साफ होती. पण ते म्हशीचं शिंग नव्हतं. छत्रीचा दांडा होता.

अनघानं आकडे बघितले. "जुळत नाही. शंभरातले चाळीसच."

"म्हणजे चौथा हात हिचा नाही," उदय हळूच म्हणाला.

"थांबा." अनघा पडद्याजवळ गेली. मग तिनं मला विचारलं, "बाई, आज तुम्ही किती जोर लावलात? मूळ रेघेत खालून आलेला जोर याचा सहावा हिस्साही नाही. तिथे नुसता भार घेतलेला आहे. हातानं हात ढकललेला नाही." आज संवेदकांनी टिपलेल्या माझ्या हातावरून तिनं मूळ शिंगातल्या दोन हालचाली ओळखून एकाखाली एक लावल्या, एक ब्रशची आणि एक माझ्या आधाराची. "आणि हे बघा. शिंग वळतं तिथे आधी ब्रश वळतो. तुमचा हात त्याच्या मागून वळतो. सेकंदाचा दहावा भाग उशिरा, प्रत्येक वळणावर. तुम्ही रेघ नेत नव्हतात. तुम्ही रेघेच्या मागून जात होतात."

मला वाईट वाटलं. बावीस वर्षं ज्याच्या जिवावर मी मनातल्या मनात मान वर करून फिरले, ते शिंग माझं नव्हतं. एवढ्या वयात असं काही हातचं जातं तेव्हा लाजही वाटते. मी खुर्ची ओढून बसले.

"मग कोण नेत होतं?" शालनवहिनींनी विचारलं.

"तेच बघते, काकू." अनघानं समजावत समजावत काम केलं, आणि शाळेत मी वजाबाकी कधी इतकं लक्ष देऊन बघितली नव्हती. मूळ शिंगातून तिनं आधी चक्र्यांमधला आजाराचा कंप वजा केला. मग आजच्या मोजमापावरून माझ्या हाताचं वळण वजा केलं. "भुजेत इच्छा नव्हती म्हणून आजच्या रेघेतून हे दोन्ही काढल्यावर मागे काही उरलं नाही. इथेही उरलं नाही, तर मी म्हणेन माझं गणित चुकलं." पडद्यावर रेघ सोलली जात होती. वरची थरथर गेली, खालचा आधार गेला, आणि आत एक रेघ उरली. बारीक, ताणलेली, कुठेही न अडखळलेली.

यंत्रानं ती रेघ ढिगांशी ताडून बघितली आणि आपणहून जागा दिली. ती सुतारकाकांच्या ढिगात गेली. नुसती ढिगातच नाही, तर १९९९ मधल्या, त्याच्या ऐन उमेदीतल्या रेघांच्या शेजारी.

"मेंदूतून निघालेला हुकूम बिघडलेला नव्हता," अनघा म्हणाली. "वाटेत घोळ होत होता. बाईंनी भार घेतला तेवढा घोळ निवला आणि रेघ बाहेर आली. चौथा हात म्हणजे कुणी माणूसच नाही. दोघांचा मिळून तो झालाय."

उदय पडद्यापासून वहिनींसमोर येऊन उभा राहिला. "वहिनी, चुकलो मी. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता." माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तू, हेमा, इतकी वर्षं गप्प बसलीस. तुला हे जमलं कसं, तेच मला कळत नाही." मग अनघाला म्हणाला, "चोवीसच्या चोवीस लावा. नोंदीत दोघांची नावं जोडून लिहा."

शालनवहिनींचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या चार दिवसांत पहिल्यांदा.

"मला का न्हाई सांगितलं त्यांनी?" त्या म्हणाल्या. "मी धरला असता की हात."

आनंदाला मी हेच विचारलं होतं, त्यामुळे उत्तर माझ्याकडे होतं. देऊ की नको असं झालं, पण आता मागे ठेवण्यात अर्थ नव्हता. "ते म्हणाले, घास तोंडात जावा म्हणून शालन हात धरती. चहाला धरती, सदऱ्याची बटणं लावती. चित्रालाबी तीच धरायला लागली, तर संध्याकाळी तिला दाखवायला माझ्याकडं काय राहील?"

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग अनघाला म्हणाल्या, "ते यंत्र परत हलवता येईल का? ब्रश नको."

अनघानं ब्रश काढला आणि बटण दाबलं. भुजा थरथरू लागली. तीन झटके, किंचित विसावा, पुन्हा तीन. वहिनींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्यांनी माझ्यासारखं खालून नाही धरलं. ब्रश पकडायची ती धातूची बोटंच त्यांनी मुठीत घेतली, मूठ टेबलावर टेकवली आणि वरून दुसरा हात ठेवला. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं केलेलं काम ते, त्यात विचार करावा लागत नाही. थरथर मुठीत कमी कमी होत गेली.

"असाच," त्या म्हणाल्या. "अगदी असाच हलायचा."

उदय खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळानं अनघानं बटणाकडे हात नेला. मी तिला म्हणाले, "राहू दे चालू." जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही चौघं तिथेच बसून होतो.